संपापुरतेच पुढारपण

सोलापुरात कोणी मंत्री मुक्कामाला आले की सात रस्त्यावरच्या शासकीय विश्रामगृहाबाहेर निवेदने घेऊन आलेल्यांची गर्दी होते. निवृत्तिवेतनधारक, विडी कामगारांच्या संघटना, कांद्याच्या भावासाठी आलेले शेतकरी. त्या गर्दीत पांढरे ॲप्रन घातलेली चार-सहा तरुण मंडळी दिसली, तर ते निवासी डॉक्टर आहेत आणि विद्यावेतन, वसतिगृह किंवा सुरक्षा यांपैकी एखादा प्रश्न घेऊन आले आहेत, हे जाणत्या सोलापूरकराला कोणाला विचारावे लागत नाही. महाराष्ट्रात शिकाऊ डॉक्टरांच्या नेतृत्वाला वाव मिळण्याची ही जवळजवळ एकच जागा उरली आहे : मार्डचे पदाधिकारी व्हायचे, निवेदन लिहायचे, संप पुकारायचा आणि आश्वासन मिळाल्यावर तो मागे घ्यायचा. हे काम सोपे नाही, आणि अनेकदा ते अपरिहार्यही असते. पण दवाखाना कसा चालावा याविषयी एखाद्या तरुण डॉक्टरला काही सुचले, तर ते ऐकून घेण्यासाठी आधी ओपीडी बंद पडावी लागते, ही रीत विचित्र आहे.

वरच्या पातळीवरही चित्र वेगळे नाही. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टर तरुणीची हत्या झाल्यानंतर, २० ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्यात नामवंत डॉक्टर होते, वरिष्ठ सनदी अधिकारी होते. ज्यांच्या सुरक्षेसाठी ते नेमले गेले त्या निवासी डॉक्टरांपैकी मात्र सदस्य म्हणून एकही नव्हता. त्यांचे म्हणणे ऐकून घेतले जाईल, असे सांगण्यात आले. ऐकून घेणे आणि टेबलाभोवती खुर्ची देणे यांतला फरक निवासी डॉक्टरांना चांगला कळतो.

हे दुखणे सगळ्याच शाखांचे आहे. तरी एका शाखेला ते सर्वांत जास्त नडते. ती शाखा म्हणजे फॅमिली मेडिसिन. अनेक वाचकांना हा शब्द ऐकून वाटेल की फॅमिली डॉक्टर व्हायला वेगळे शिकावे कशाला लागते? एमबीबीएस झाले, गाळा घेतला, पाटी लावली. गेली कित्येक दशके तसेच चालत आले आहे, आणि त्यातून उत्तम डॉक्टर निपजलेही. पण जगात इतरत्र हा समज कधीच मागे पडला. अमेरिकेत १९६९ मध्ये फॅमिली प्रॅक्टिसला स्वतंत्र विशेषज्ञतेचा दर्जा मिळाला. ब्रिटनमध्ये जनरल प्रॅक्टिशनर व्हायचे तर त्यासाठी वेगळे प्रशिक्षण पूर्ण करावेच लागते. आपल्याकडे राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा तीन वर्षांचा डीएनबी अभ्यासक्रम बऱ्याच वर्षांपासून आहे. त्यात निवासी डॉक्टर मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग, सर्जरी, कॅज्युअल्टी अशा सगळ्या विभागांतून फिरतो. कोझिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने या विषयाचा एमडी अभ्यासक्रम सुरू करून देशात वाट दाखवली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९च्या कायद्यात तर फॅमिली मेडिसिनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना चालना देणे ही पदव्युत्तर शिक्षण मंडळाची जबाबदारी म्हणून लिहूनच ठेवली आहे. कायद्यात आले म्हणजे झाले, असे समजण्याची आपली जुनी सवय असल्याने पुढचे फारसे काही घडले नाही.

या शाखेचे मोल समजून घ्यायला सोलापूरइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही. समजा, पन्नाशी ओलांडलेली एक विडी कामगार बाई आहे. तिला मधुमेह आहे, रक्तदाब आहे, दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसल्याने मान आणि कंबर धरलेली आहे, तंबाखूच्या धुळीने खोकला आहे. आज ती शुगरसाठी एका डॉक्टरकडे, गुडघ्यासाठी दुसऱ्याकडे आणि खोकल्यासाठी तिसऱ्याकडे जाते. तीन फायली, तीन चिठ्ठ्या, त्यांतल्या दोन गोळ्या एकाच औषधाच्या. त्यातच घरची बोली तेलुगू, डॉक्टर मराठी बोलणारे आणि चिठ्ठी इंग्रजीत. शेजारच्या धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीहून येणाऱ्या रुग्णाचीही हीच कथा. फक्त भाडे जास्त पडते. या बाईला आणखी एका तज्ज्ञाची गरज नाही. तिच्या तिन्ही फायली एकत्र वाचणारा, निम्मी औषधे थांबवण्याची हिंमत असलेला, तिचा मुलगा दारू पितो हे ठाऊक असलेला आणि तज्ज्ञाला फोन करून ‘हे ऑपरेशन आता करू नका’ असे सांगू शकणारा कोणीतरी हवा. म्हणजेच या शाखेत नेतृत्व हे कामाच्या गाभ्यातच आहे. शल्यविशारदाला ते जमले नाही तरी त्याचा हात चालतो. फॅमिली फिजिशियनला ते जमले नाही तर त्याच्या हाती फक्त रेफरची चिठ्ठी उरते.

आणि नेमके हेच त्याला कोणी शिकवत नाही. डीएनबीचा निवासी डॉक्टर प्रत्येक विभागात दोन-चार महिन्यांचा पाहुणा असतो. मेडिसिनवाल्यांना तो आपला वाटत नाही, सर्जरीवाल्यांना तर नाहीच. ड्युटी लावताना मात्र तो सगळ्यांना आठवतो. ज्याच्याकडे पाहून ‘पुढे असे व्हायचे’ असे वाटावे, असा त्याच विषयातला ज्येष्ठ प्राध्यापक बहुतेक ठिकाणी नसतोच, कारण विभागच नसतो. नीट-पीजीच्या यादीत वरचे क्रमांक रेडिओलॉजी, मेडिसिन, त्वचारोग असे वाटेल ते घेतात. फॅमिली मेडिसिन बहुतेकदा उरलेल्यांच्या वाट्याला येते, आणि जे आवडीने घेतात त्यांना नातेवाईक विचारतात, ‘मग स्पेशालिटी कधी करणार?’ गंमत अशी की, आताच्या अभ्यासक्रमात एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याला गावातली काही कुटुंबे दत्तक दिली जातात आणि पुढे त्यांच्याशी नाते ठेवायला सांगितले जाते. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कुटुंबाची गोडी लावायची आणि पंचविसाव्या वर्षी त्या गोडीसाठी जागाच ठेवायची नाही, असा हा प्रकार आहे.

शिष्यवृत्ती आणि संधी दिल्याने काय होते, याचे उत्तर शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. करमाळ्याच्या पलीकडे, नगर जिल्ह्यात, जामखेड आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य वेल्लोरला शिकले आणि नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करू लागले. तिथे येणारे बहुतेक आजार मुळात होऊच नयेत असे आहेत आणि रुग्णालयात बसून ते थांबणार नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. लक्षात येणे वेगळे आणि त्यावर उपाय उभा करता येणे वेगळे. १९६०च्या दशकात फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत गेले, तिथे निवासी डॉक्टर म्हणून प्रशिक्षण घेतले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदवी मिळवली. परत येऊन १९७० मध्ये त्यांनी जामखेडचा प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, बहुतांशी निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याची त्यांची पद्धत इतकी नवी होती की, १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या आरोग्यसेवेवर जे पुस्तक काढले, त्यात जामखेडवर एक प्रकरण होते. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज ‘आशा’ कार्यकर्तीशिवाय गावातल्या आरोग्यसेवेची कल्पनाही करता येत नाही. तिच्या पूर्वजांत जामखेडच्या त्या बायका आहेत.

गडचिरोलीच्या अभय आणि राणी बंग यांची वाटही जॉन्स हॉपकिन्सवरूनच गेली. परतल्यावर १९८६ मध्ये त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाने नवजात बाळाची काळजी घरी जाऊनही घेता येते आणि त्यातून मृत्यू कमी होतात, हे जगाला दाखवले. पुढे २००६ मध्ये त्यांनी तरुणांसाठी ‘निर्माण’ हा उपक्रम सुरू केला. त्यातून घडलेले कितीतरी तरुण डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करायला गेले. शिकण्याची संधी मिळालेल्यांनी पुढच्यांसाठी ती तयार केली. इथे एक खबरदारी घ्यायला हवी. आरोळे आणि बंग ही असामान्य माणसे होती, आणि आपल्याला असामान्य माणसांच्या कथा सांगून व्यवस्थेची जबाबदारी झटकण्याची हौस आहे. प्रश्न सामान्य, हुशार, घरच्या कर्जाची चिंता असलेल्या निवासी डॉक्टरचा आहे.

त्याच्यासाठी अन्यत्र काय असते ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ फॅमिली फिजिशियन्स या संघटनेच्या संचालक मंडळावर एक निवासी डॉक्टर आणि एक वैद्यकीय विद्यार्थीही असतो. तिथल्या प्रशिक्षण कार्यक्रमाचे दरवर्षी मूल्यमापन करणाऱ्या समितीत किमान एक निवासी डॉक्टर असावाच लागतो. चीफ रेसिडेंट होणाऱ्यांना वेळापत्रक लावणे, भांडण सोडवणे, चुकलेल्या सहकाऱ्याशी बोलणे या गोष्टी रीतसर शिकवल्या जातात. उमेदीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि निवासी डॉक्टरांसाठी वर्षभराचा नेतृत्व अभ्यासवर्ग असतो, आणि त्यासोबत शिष्यवृत्तीही. युरोपात ‘वास्को द गामा’ ही तरुण फॅमिली डॉक्टरांची चळवळ आहे. तिच्या ‘हिपोक्रेटिस’ योजनेतून लिस्बनचा शिकाऊ डॉक्टर डेन्मार्कमधल्या दवाखान्यात दोन आठवडे जाऊन बसतो. दक्षिण आशियासाठीही फॅमिली डॉक्टरांच्या ‘वोंका’ या जागतिक संघटनेने तशीच चळवळ उभी केली असून तिचे नाव आहे ‘स्पाइस रूट’. नाव झकास आहे. पण सोलापूरच्या किंवा लातूरच्या निवासी डॉक्टरने त्या वाटेने जायचे ठरवले, तर तिकिटाचे पैसे कोण देणार आणि रजा कोण देणार, हे दोन प्रश्न मुंबई विमानतळाच्या बऱ्याच अलीकडे उभे राहतात.

पैशांचा प्रश्न आता आणखी टोकदार झाला आहे. परिषदेची नोंदणी, प्रवास, हॉटेल यांचा खर्च औषध कंपन्या उचलत, हे वैद्यक व्यवसायातले उघड गुपित होते. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध कंपन्यांच्या विपणनासाठी नवी आचारसंहिता जाहीर केली आणि व्याख्याता म्हणून बोलावलेल्यांखेरीज इतर डॉक्टरांचा प्रवास आणि मुक्काम कंपन्यांनी प्रायोजित करण्यास मनाई केली. हे योग्यच झाले. गोळीच्या पैशातून आलेले ज्ञान शेवटी गोळीकडेच जाते. मात्र तो दरवाजा बंद करताना दुसरा उघडायला हवा होता. कार्डिओलॉजी शिकणाऱ्याला वरिष्ठांच्या ओळखीतून, संस्थेच्या निधीतून काहीतरी मिळून जाते. फॅमिली मेडिसिनच्या निवासी डॉक्टरकडे विभाग नाही, म्हणून विभागाचा निधीही नाही. विद्यावेतनातून घरी पैसे पाठवणारा तरुण शोधनिबंध मांडायला दिल्लीला किंवा कोलंबोला जाणार कसा? मग निबंध लिहिलाच जात नाही. थिसिस कपाटात जातो. आणि सोलापूरच्या विडी कामगारांच्या आजारांविषयी जे या शहरातल्या तरुण डॉक्टरने लिहायला हवे, ते कोणीच लिहीत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. तो असा की, या मुलांना आधी झोपू द्या, नेतृत्वाचे नंतर बघू. १९९२च्या केंद्रीय निवासी योजनेत सलग ड्युटी बारा तासांहून आणि आठवड्याची ४८ तासांहून सहसा अधिक नसावी, असे म्हटले होते. २०२३च्या पदव्युत्तर शिक्षण नियमावलीत आकडा गेला आणि ‘वाजवी तास’ आले. वाजवी म्हणजे किती, हे ज्याच्या हाती ड्युटीचा तक्ता तो ठरवतो. थकलेल्या माणसावर अभ्यासवर्ग लादणे म्हणजे आणखी एक ड्युटी लावणे, यात शंका नाही. म्हणूनच शिष्यवृत्तीचा पहिला अर्थ वेळ असा घ्यायला हवा : आठवड्यातली एक दुपार, वॉर्डातून मोकळी, पगारी, आणि त्या वेळी बदली माणूस नेमलेला. बाळंतपणाची रजा घेऊन परतलेल्या डॉक्टरणीला ही दुपार मिळाली तर ती टिकते. संध्याकाळी आठनंतरच्या बैठकींवर चालणारे नेतृत्व तिला आपोआप बाहेर ठेवते, आणि आज वैद्यकीय शिक्षणात मुलींची संख्या पाहता हे परवडणारे नाही.

शिवाय नेतृत्व शिकवले नाही म्हणून ते टळत नाही. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेला डॉक्टर बॉण्डच्या वर्षासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, तेव्हा त्याच्या हाती सुमारे ३० हजार लोकसंख्या येते. परिचारिका, औषध निर्माण अधिकारी, आशा, रुग्णवाहिकेचा चालक, रुग्ण कल्याण समितीचा हिशेब, सर्पदंशावरील प्रतिविषाचा साठा आणि सरपंचाचा फोन, हे सारे पहिल्या दिवसापासून त्याचे. हृदयाचे चार कप्पे त्याला पाठ असतात. पन्नाशीच्या परिचारिकेला ‘ताई, हे असे करूया का?’ हे कसे म्हणावे, ते कोणी सांगितलेले नसते. काही जण वर्षभरात शिकतात, बाकीचे दिवस मोजतात आणि गाव त्यांच्याबरोबर दिवस मोजते.

सोलापुरात तरुण डॉक्टरच्या पुढारपणाला परंपरा आहे, हे वेगळे सांगायला नको. भैय्या चौकातले स्मारक त्याची आठवण ठेवून आहे. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला निघाले तेव्हा मुंबईत पदवी घेऊन पुढच्या शिक्षणाच्या तयारीत होते, म्हणजे आजच्या भाषेत निवासी डॉक्टर होण्याच्याच वयाचे. जानेवारी १९४१ मध्ये त्यांच्याकडे बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद आले, तेव्हा त्यांनी तिशी नुकतीच गाठली होती. युद्धाने त्यांना ती जबाबदारी दिली. शांततेच्या काळात ती कोणीतरी समजून-उमजून द्यावी लागते.

देणारे हात या शहरात आहेत. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे. योगायोग असा की, इंडियन मेडिकल असोसिएशनने जनरल प्रॅक्टिशनरांसाठी आपले महाविद्यालय स्थापन केले तेही त्याच वर्षी. अश्विनी, मार्कंडेय यांसारखी सहकारी तत्त्वावर उभी राहिलेली रुग्णालये हे सोलापूरचे वैशिष्ट्य. सभासदांच्या मताने संचालक निवडणाऱ्या रुग्णालयाला, संचालकांच्या बैठकीत एका निवासी डॉक्टरला निमंत्रित म्हणून बसवायला मंत्रालयाची परवानगी लागू नये. औषध खरेदी कशी होते, उधारी का थकते, एखादा विभाग बंद का पडतो, हे त्या खुर्चीवर बसून वर्षभरात जेवढे कळेल तेवढे दहा व्याख्यानांत कळणार नाही. सहकारी बँका, देवस्थाने, चादर-टॉवेलचे उद्योजक दहावी-बारावीच्या गुणवंतांना दरवर्षी हौसेने शिष्यवृत्त्या देतात. त्यांतली एखादी फॅमिली मेडिसिनच्या निवासी डॉक्टरला, सोलापूरच्याच एखाद्या आजारावर काम करण्याच्या अटीवर, द्यायला काय हरकत आहे? फोटो तितकाच चांगला येईल.

कामाची जागाही तयार आहे. कुंभारीच्या रे नगरात असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा प्रकल्प आहे. त्यातल्या पहिल्या १५ हजार घरांचे वाटप १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. विडी, यंत्रमाग, रिक्षा, कचरावेचक अशा कष्टकऱ्यांची ही वसाहत आहे, आणि त्याच कुंभारीत अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तीन वर्षांच्या निवासी डॉक्टरला तिथली पाचशे कुटुंबे नेमून दिली, आशांची बैठक घेण्याचा अधिकार दिला, वर्षाअखेरीस किती जणांची शुगर आटोक्यात आली हे त्यानेच मांडायचे असे ठरवले, तर त्याला नेतृत्वाचा वेगळा वर्ग लागणार नाही. आषाढी वारीत लाखो वारकरी जिल्ह्यात येतात, तेव्हा आरोग्य पथकात निवासी डॉक्टर फक्त गोळ्या वाटायला पाठवले जातात. नियोजनाच्या बैठकीला, मे महिन्यात, त्यांच्यापैकी एकाला बसवले तर जुलैत फरक दिसेल.

अर्थात, निवासी डॉक्टर असतील तरच हे सगळे. त्यासाठी मोठ्या महाविद्यालयाची वाट पाहावी लागत नाही. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०२० मध्ये आठ विषयांत दोन वर्षांच्या पदविका सुरू केल्या, त्यांत फॅमिली मेडिसिन आहे आणि महाविद्यालयाशी संलग्न नसलेल्या रुग्णालयांसाठीही ती वाट खुली आहे. ११ तालुक्यांच्या, २०११च्या जनगणनेनुसार ४३ लाखांच्या या जिल्ह्यात पुरेशा खाटा असलेली सरकारी आणि सहकारी रुग्णालये आहेत. मान्यतेचा अर्ज निवासी डॉक्टरने करायचा नसतो. तो रुग्णालयाने करायचा असतो.